विजापूरला मुक्काम करावा

सोलापूरहून बदामी-हंपीच्या वाटेला लागणारी बहुतेक मराठी कुटुंबे विजापुरात सकाळी उतरतात, गोल घुमटाच्या अरुंद जिन्यांनी वर चढून घुमटाखालच्या सज्जात मुलांना मनसोक्त ओरडू देतात, सवड असल्यास मुलुखमैदान तोफेपाशी एखादे छायाचित्र काढतात आणि दुपारच्या जेवणानंतर पुढचा रस्ता धरतात. अर्ध्या दिवसाच्या या मुक्कामात त्यांनी एक प्रचंड इमारत पाहिलेली असते हे खरे. परंतु जी नगरी जवळजवळ दोनशे वर्षे एका विस्तीर्ण राज्याची राजधानी होती, जिच्या दरबारातून पुण्या-चाकणपासून बंगळूरपर्यंतच्या मुलुखाचा बंदोबस्त होत असे आणि जिच्या दफ्तरात आपल्या कित्येक घराण्यांची वतने नोंदली गेली, ती नगरी त्यांच्या दृष्टीस पडलेली नसते. ज्या कुटुंबाला मुलांना एखादी ऐतिहासिक राजधानी दाखवावयाची आहे, त्याने विजापुरात निदान दोन रात्री राहावे, आणि दर्शनाचा आरंभ घुमटापासून न करता नगराच्या तटापासून व पाण्यापासून करावा, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

हा आग्रह केवळ सौंदर्यदृष्टीने नाही. राजधानी म्हणजे राजांच्या कबरी आणि प्रासाद यांचा समुच्चय, अशी जी कल्पना सहलीच्या पुस्तिकांनी रूढ केली आहे, ती मुलांच्या मनात घट्ट बसली म्हणजे इतिहास त्यांना राजांच्या नामावलीपलीकडे कधी जाणवतच नाही. जिथे महसुलाची आकारणी ठरते, वतनांचे तंटे निकालात निघतात, फर्मानांवर शिक्के उठतात, सरदारांचे वकील महिनोन्महिने तिष्ठत राहतात, आणि त्या सगळ्या माणसांना, त्यांच्या घोड्यांना व हत्तींना रोज पाणी, धान्य व वैरण पुरवावी लागते, ते स्थान राजधानी होय. विजापुरात हे सर्व अजूनही उघड्या डोळ्यांनी पाहता येते, कारण येथील नुसते राजवाडेच नव्हे, तर तट, वेशी, खंदक, विहिरी, पाण्याचे मनोरे व भुयारी नळ यांचेही अवशेष मोठ्या प्रमाणात शिल्लक आहेत.

आता, मराठी कुटुंबाने अन्य कोणत्या राजधानीपेक्षा विजापूरकडेच विशेष ममत्वाने का पाहावे? १४९० च्या सुमारास यूसुफ आदिलखानाने बहमनी सत्तेपासून फुटून येथे स्वतंत्र राज्य स्थापिले, तेव्हापासून १६८६ मध्ये सिकंदर आदिलशहाने औरंगजेबाच्या स्वाधीन होईपर्यंत या राज्याच्या कारभारात मराठी माणूस सतत वावरत होता. पहिल्या इब्राहीम आदिलशहाने १५३४ नंतर हिशेबाचे दफ्तर फारसीऐवजी देशी भाषेत आणून ते ब्राह्मण कारकुनांकडे सोपविले, अशी नोंद इतिहासकार फिरिश्त्याने करून ठेवली आहे. आणि आदिलशाहीच्या कागदपत्रांतील पुष्कळ कागदांवर फारसी मजकुराबरोबर मराठी मजकूरही आढळतो, ही गोष्ट संशोधकांच्या परिचयाची आहे. जावळीचे मोरे, फलटणचे निंबाळकर, म्हसवडचे माने, मलवडीचे घाटगे, मुधोळचे घोरपडे, जतचे डफळे, वाडीचे सावंत ही सर्व घराणी या ना त्या काळात याच दरबाराची मनसबदार किंवा मांडलिक होती. १६३६ मध्ये निजामशाही बुडून तिचा मुलूख मोगल व आदिलशाही यांच्यात वाटला गेला, पुणे-चाकणचा प्रदेश विजापूरच्या अंमलाखाली आला, आणि त्याच वर्षी शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत दाखल झाले. शिवाजीमहाराजांचे बालपण ज्या जहागिरीत गेले, ती जहागीर कागदोपत्री विजापूरची होती, हे आपण शाळेत वाचतो खरे, परंतु ज्या तटाआड त्या कागदांवर शिक्का उठत असे तो तट एकदा पाहिल्याशिवाय ते वाक्य मनात रुजत नाही.

विजापूर ही शत्रूची राजधानी. तिचा गौरव आपल्या मुलांपुढे कशासाठी करावयाचा, असा प्रश्न माझ्या परिचयाच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला विचारला होता, आणि तो प्रामाणिकपणे विचारलेला असल्यामुळे त्याला प्रामाणिक उत्तर देणे भाग आहे. स्वराज्याचे मोल ज्या सत्तेविरुद्ध ते उभे राहिले तिच्या बळाने मोजावे लागते. अफजलखान म्हणजे पोवाड्यातला एक आडदांड राक्षस, इतकीच ज्याची समजूत आहे त्या मुलाला १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडले हे खऱ्या अर्थाने कळत नाही. खान ज्या राजधानीतून निघाला तिच्या तोफा, तिची पाण्याची व्यवस्था, तिच्या स्थापत्यातील आत्मविश्वास हे सर्व पाहिल्यावर, मावळातील एका तरुण जहागीरदारपुत्राने केवढ्या शक्तीला आव्हान दिले होते याची त्याला प्रथमच कल्पना येते. शिवाय ज्या संस्थेशी आपण लढलो तिच्याकडूनच आपण कारभाराच्या अनेक रीती, हुद्दे आणि दफ्तर ठेवण्याची पद्धती घेतली, याविषयी संकोच बाळगण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. विरोध आणि शिष्यत्व ही दोन्ही नाती एकाच ठिकाणी असू शकतात, हे प्रौढांना ठाऊक असते. मुलांना ते सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

म्हणून पहिल्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, उपली बुरुजावर जावे. हैदरखान नावाच्या सरदाराने १५८४ मध्ये उभारलेला हा सुमारे ऐंशी फूट उंचीचा वाटोळा बुरुज पश्चिमेकडील तटाच्या आत, उंचवट्यावर उभा आहे, आणि त्याला बाहेरून वळसा घालीत जाणारा दगडी जिना चढून वर पोचले की सारे नगर नकाशासारखे पायाखाली पसरते. वर लोखंडी पट्ट्यांची एक अतिशय लांब तोफ पडून आहे, तिच्याभोवती मुले जमतीलच; पण थोरांनी त्यांना प्रथम क्षितिजाकडे बघावयास लावावे. पूर्वेला गोल घुमट, मध्ये अर्ककिल्ल्याचे, म्हणजे आतल्या बालेकिल्ल्याचे, अवशेष आणि जामे मशिदीचा घुमट, पश्चिमेला तटाबाहेर इब्राहीम रोजाचे मनोरे, आणि नगराला कवेत घेणारा सुमारे दहा किलोमीटर परिघाचा तट, ज्याला ९६ बुरुज आणि मक्का, शहापूर, बहमनी, अल्लापूर व फत्ते अशा पाच मोठ्या वेशी होत्या. हा तट पहिल्या अली आदिलशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे ज्या काळात दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन १५६५ च्या जानेवारीत तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला त्याच काळात, बांधला गेला. विजयनगरहून आलेल्या संपत्तीने विजापूरचे रूप पालटले. हंपीला जाणाऱ्या कुटुंबाने ही गोष्ट येथेच सांगून ठेवली तर पुढे हंपीचे भग्नावशेष पाहताना दोन राजधान्यांचा परस्परसंबंध मुलांना आपोआप उमगेल.

आम्ही गेलो होतो तेव्हा या बुरुजावर माझ्या पुतण्याने मला विचारले, "काका, एवढा तट होता, मग शहर पडलं कसं?" माझ्या मते हाच त्या सकाळचा खरा लाभ होता, कारण या प्रश्नाचे उत्तर एखाद्या इमारतीत नसून वेढ्याच्या वास्तवात आहे. १६८५ च्या उन्हाळ्यात मोगल फौजांनी वेढा घातला, त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ तट उभाच राहिला, परंतु आतील धान्य, वैरण आणि माणसे संपत गेली, आणि १६८६ च्या सप्टेंबरात अठरा वर्षांच्या आसपासच्या सिकंदरला शरण जावे लागले. औरंगजेब ज्या वेशीने आत आला तिला पुढे फत्ते दरवाजा म्हणू लागले. मुलाने थोडा विचार करून "म्हणजे भिंत नाही हरली," एवढेच म्हटले. आणि माझी आई, जी जिना न चढता खाली झाडाच्या सावलीत बसून होती, तिला ते उत्तर इतके आवडले की तिने ते वाटेत आम्हां सर्वांना पुन्हा ऐकविले.

बुरुजावरून उतरून तटाकडे गेले की शर्जा बुरुजावर मुलुखमैदान तोफ आहे. या एका वस्तूत दख्खनच्या दीडशे वर्षांचा राजकीय इतिहास कोरला गेला आहे, आणि तरीही बहुतेक लोक तिच्या वजनाचा आकडा ऐकून परततात. ती १५४९ मध्ये अहमदनगर येथे, बुऱ्हाण निजामशहासाठी, महंमद बिन हसन रूमी या तुर्की ओतकाराने ओतली. चौदा फुटांहून किंचित अधिक लांब आणि सुमारे ५५ टन वजनाच्या या तोफेचे तोंड जबडा उघडलेल्या हिंस्र पशूच्या आकाराचे असून त्याच्या दाढांत हत्ती चिरडला जात असल्याचे दाखविले आहे. त्या ओतकामातील सफाई जवळ जाऊन, हात न लावता, सावकाश पाहण्यासारखी आहे. नगरहून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली, आणि निजामशाहीच्या पडत्या काळात, १६३२ च्या सुमारास, आदिलशाहीचा सेनानी मुरार जगदेव तिला परांड्याहून विजापूरला घेऊन आला. दहा हत्ती आणि शेकडो बैल तिला जुंपले होते, असे सांगतात. हा मुरार जगदेव म्हणजे तोच, ज्याच्या फौजेने १६३० च्या सुमारास पुणे जाळून उद्ध्वस्त केले, आणि ज्या उद्ध्वस्त कसब्याची पुनर्रचना पुढे जिजाबाईंच्या देखरेखीखाली झाली. पुण्याहून आलेल्या कुटुंबाला या तोफेपाशी उभे राहून आपल्याच गावाची कथा सांगता येते. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने आपल्या विजयाचा लेख तिच्यावर कोरविला, आणि कंपनी सरकारच्या अंमलात, १८५४ मध्ये, निरुपयोगी वस्तू म्हणून ती लिलावात काढण्यात आली. बोली अवघ्या दीडशे रुपयांपर्यंत चढली, ती अपुरी ठरल्याने विक्री रद्द झाली, आणि केवळ त्यामुळे आज ती आपल्याला पाहावयास मिळते. निजामशहा, आदिलशहा, बादशहा आणि कंपनी या चारही सत्तांचा हात फिरलेली दुसरी एवढी बोलकी वस्तू मला तरी ठाऊक नाही.

दुपारी उन्हात भटकू नये. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि दही असे जेवण येथील साध्या खाणावळीत उत्तम मिळते, आणि सोलापूरकडच्या माणसाला ते परके वाटत नाही. उन्हे कलल्यावर टांगा करून पाण्याची राजधानी पाहावयास निघावे. विजापूरचे सर्वांत मोठे आश्चर्य कोणते असे मला कुणी विचारले तर मी घुमटाचे नाव घेणार नाही. उत्तरेला भीमा आणि दक्षिणेला कृष्णा या दोन नद्यांच्या मधल्या, पर्जन्य बेताचा असलेल्या कोरड्या माळावर, नगराला लागून एकही मोठी नदी नसताना, एवढी प्रचंड वस्ती दोन शतके जगविली गेली, हे खरे आश्चर्य आहे. पश्चिमेस काही मैलांवर असलेल्या तोरवीच्या बाजूचे पाणी जमिनीखालून खोदलेल्या बोगद्याने नगराकडे आणले होते, आणि त्या बोगद्यावर ठरावीक अंतराने हवेसाठी व साफसफाईसाठी उभे उच्छ्वास ठेवलेले होते. दक्षिणेकडे महंमद आदिलशहाने १६५१ मध्ये बेगम तलाव बांधून तेथून मातीच्या नळांनी पाणी शहरात खेळविले. नळांच्या वाटेवर जागोजागी चौकोनी दगडी मनोरे आहेत, त्यांना गंज म्हणतात. पाणी त्यांत चढून मग पुढच्या नळात उतरत असे, त्यामुळे नळातील दाब आटोक्यात राही आणि गाळ तळाशी बसे. आज हे मनोरे रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या आणि घरांच्या गर्दीत, अनामिकपणे उभे असतात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून हे काय आहे असे सांगणारा माणूस बरोबर नसेल तर प्रवासी त्यांना पडक्या भिंती समजून पुढे जातो.

मक्का वेशीच्या आत ताज बावडी आहे. दुसऱ्या इब्राहीमच्या ताज सुलताना या राणीच्या नावाने मलिक संदल याने १६२० च्या सुमारास बांधलेल्या या विहिरीला विहीर म्हणणेही अपुरे आहे. उंच कमानीखालून पायऱ्या उतरल्या की समोर प्रशस्त चौरस जलाशय येतो, आणि त्याच्या भोवती वाटसरूंना टेकण्यासाठी ओवऱ्या आहेत. राजाच्या पैशातून सार्वजनिक पाणवठा बांधला जातो, त्याला राणीचे नाव दिले जाते आणि त्याच्या काठी परगावचा माणूस रात्रीचा आसरा घेतो, हे राज्यकर्तव्याचे दृश्य मुलांना कोणत्याही सिंहासनापेक्षा अधिक काही शिकविते. चांद बावडीही अवश्य पाहावी. ती पहिल्या अलीने आपल्या राणीच्या, म्हणजे अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी हिच्या नावाने १५७९ मध्ये बांधली. हीच चांदबिबी पुढे येथे अल्पवयीन इब्राहीमची पालक म्हणून कारभार पाहू लागली, आणि १५९५-९६ मध्ये नगरच्या किल्ल्याच्या तटावर मोगलांविरुद्ध उभी राहिली. नगरकडच्या मुलींना तिची एक राजधानी ठाऊक असते. दुसरी येथे आहे.

एवढ्या सगळ्या जलसंपत्तीची आजची अवस्था पाहून मन विषण्ण होते. घुमटाभोवतीची हिरवळ नीट राखली जाते, तिकीटखिडकीवर रांगा लागतात, तिथला बंदोबस्तही चोख असतो. पण गंज, उच्छ्वास आणि लहान विहिरी यांच्याकडे पाहणारे डोळेच कमी, आणि जिथे पाहणारा येत नाही तिथे जतन करणाराही उदासीन राहतो. आमच्यासारख्या प्रवाशांनी या जागा मागून घेतल्या, टांगेवाल्याला आणि मार्गदर्शकाला आवर्जून तिकडे न्यावयास सांगितले, तर त्यांच्यासाठीही काही तजवीज होईल, असा माझा विश्वास आहे. प्रवाशाच्या मागणीने गावाचे अर्थकारण वळते, हे आपण इतरत्र पाहतोच.

दुसऱ्या दिवशीचा प्रातःकाल इब्राहीम रोजासाठी राखून ठेवावा. १५८० ते १६२७ अशी दीर्घ कारकीर्द लाभलेल्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाविषयी मराठी वाचकाला फार कमी माहिती असते, ही माझ्या मते खेदाची गोष्ट आहे. हा राजा स्वतः गायक-वादक होता. त्याने ‘किताब-ए-नवरस’ हा दख्खनी भाषेतील गीतांचा ग्रंथ रचला आणि त्यात सरस्वती व गणपती यांना वंदन केले. प्रजा त्याला जगद्गुरू म्हणत असे. तोरवीजवळ नवरसपूर नावाचे नवे नगर वसविण्यास त्याने १५९९ मध्ये आरंभ केला, परंतु १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेने ते उद्ध्वस्त केले, आणि ते स्वप्न अपुरेच राहिले. त्याची कबर आणि तिच्यासमोरील मशीद एकाच उंच चौथऱ्यावर, मध्ये कारंजाचे कुंड ठेवून, परस्परांकडे तोंड करून उभ्या आहेत. भिंतींवरील दगडी सुलेखन, अक्षरांचीच जाळी होऊन बसलेल्या खिडक्या, सडपातळ मनोरे आणि सावलीदार ओवऱ्या पाहताना एक गोष्ट विसरू नये: आतील मुख्य दालनाचे छत सपाट दगडी फरशांचे आहे, आणि त्याला खालून कोणताही दृश्य आधार नाही. स्थापत्याचा अभ्यास करणारा मुलगा वा मुलगी घरात असेल तर त्याला वा तिला तासभर तेथे बसू द्यावे. या वास्तूचा निर्माता मलिक संदल, ज्याची विहीर आपण आदल्या सायंकाळी पाहिली, तोच. एकाच हाताची दोन कामे ओळखण्याचा आनंद मुलांना मिळतो तो अशा मुक्कामातच.

नंतर अर्ककिल्ल्यात यावे. येथे करीमुद्दीनची मशीद आहे. जुन्या देवळांच्या खांबांतून १३२० मध्ये रचलेली ही वास्तू आदिलशाहीपूर्वीच्या विजापूरची साक्ष देते. तो भग्न-पुनर्रचित इतिहास मुलांपासून लपवू नये, आणि त्याच्या आधारे त्यांच्या मनात विखारही पेरू नये. जसे आहे तसे सांगावे. गगन महालाची विशाल कमान १५६१ च्या सुमाराची. आसार महालासमोरील कुंड पाहावे. मूळ ही इमारत महंमद आदिलशहाने न्यायदानासाठी बांधली होती. शहाजीराजांना १६४८ मध्ये जिंजीजवळ कैद करून याच नगरात आणले गेले, आणि १६४९ मध्ये कोंढाणा परत देण्याच्या अटीवर त्यांची सुटका झाली. दरबारातील सर्वश्रेष्ठ मराठा सरदार बेड्यांत, त्याचा एकोणीस वर्षांचा पुत्र सह्याद्रीत पित्याच्या प्राणांची काळजी वाहत असलेला, आणि दोघांमध्ये हा दगडी दरबार. मला ज्या कुटुंबांविषयी आस्था आहे त्यांनी हा प्रसंग येथेच, या कमानींच्या सावलीत, मुलांना सांगावा. नगराबाहेर अफजलखानाने आपल्या हयातीत स्वतःसाठी बांधविलेली कबर आणि तिच्याशेजारची मशीद आहे. खान मात्र प्रतापगडाखाली पुरला गेला. त्या रिकाम्या कबरीपाशी कुणीही जयघोष करू नये, अशी माझी विनंती आहे. महाराजांनी शत्रूच्या देहाला सन्मानाने मूठमाती दिली. त्यांच्या नावाने वागणाऱ्यांनी तेवढे औदार्य दाखवावे.

आणि मग, सर्वांत शेवटी, गोल घुमट. महंमद आदिलशहाच्या या कबरीचे काम १६५६ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, जेथे थांबले तेथेच राहिले. चौकोनी दालनावर वर्तुळाकार घुमट ठेवावयाचा हा जुनाच प्रश्न. पण येथे दोन चौरस एकमेकांत फिरवून आठ कमानी एकमेकींना छेदत वर नेल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे सुमारे १२४ फूट आंतरव्यासाच्या घुमटाचा भार मध्ये एकही खांब न घेता भिंतींवर पेलला गेला आहे. दालनाची जमीन अठरा हजार चौरस फुटांहून अधिक. घुमटाच्या कडेचा सज्जा असा आहे की भिंतीशी केलेली कुजबूज समोरच्या बाजूला, शंभर फुटांहून अधिक अंतरावर, स्पष्ट ऐकू येते. आज तेथे प्रवाशांच्या आरोळ्यांचा असा काही कोलाहल चालतो की हा मूळ चमत्कार अनुभवताच येत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच तेथे पोचावे, मुलांना एक एक करून सज्जाच्या दोन टोकांना उभे करावे आणि हळू बोलावयास सांगावे. ज्यांचे गुडघे दुखतात अशा आजी-आजोबांनी सात मजल्यांचे जिने चढण्याचा अट्टाहास करू नये; खालच्या दालनात बसून वर बघण्यातही पुष्कळ समाधान आहे, आणि समोरच्या नगारखान्यातील संग्रहालय त्यांच्या मनाजोगते आहे.

१६८६ नंतर विजापूर कधीही राजधानी झाले नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर ते सातारच्या छत्रपतींच्या राज्यात गेले, १८४८ मध्ये ते राज्य खालसा होताच इंग्रजांकडे आले, १८८५ च्या सुमारास कलादगीचे जिल्ह्याचे ठाणे येथे हलविले गेले आणि जुन्या महालांतून कचेऱ्या थाटल्या. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथे मराठीत बोलणारा जुना दुकानदार किंवा वकील अजूनही भेटतो, आणि सोलापुरात कन्नड जितक्या सहजतेने ऐकू येते तितक्याच सहजतेने येथे मराठी समजली जाते. सीमेचे राजकारण कितीही ताणले गेले तरी सामान्य माणसांतील हा आपलेपणा टिकून आहे, आणि मराठी कुटुंबांनी येथे दोन रात्री राहिल्याने तो वाढेलच.

माझी शेवटची विनंती सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि लातूर या जिल्ह्यांतील शाळांना आहे. मुलांची वार्षिक सहल पाण्याच्या खेळांच्या बागांकडे वळविण्याऐवजी एकदा विजापूरला न्यावी; मुक्कामाची सहल करावी; निघण्यापूर्वी शहाजीराजांचे चरित्र वर्गात वाचून दाखवावे, आणि गोल घुमटाइतकाच वेळ एका गंजासाठी व एका बावडीसाठी राखून ठेवावा. कन्नड जाणणारा एक शिक्षक सोबत असला, म्हणजे टांगेवाल्यापासून पहारेकऱ्यापर्यंत प्रत्येकाशी मुलांना बोलता येईल, आणि त्या बोलण्यातून त्यांना जे कळेल ते कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही.